न खाल्लेलं पुडिंग

थंडी पडली की आमच्या साताऱ्यात कुणाला हुरडा आठवतो, कुणाला डिंकाचे लाडू, कुणाला शेकोटीत भाजलेली रताळी. मला एक पुडिंग आठवतं, आणि ते मी खाल्लेलंसुद्धा नाही. परवा कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव आणायला गेले, तर काचेच्या कपाटात लाल फीत बांधलेले नाताळचे केक मांडले होते. आतून लवंग, दालचिनी आणि संत्र्याच्या सालीचा वास आला. बेकरीवाला म्हणाला, "काकू, एक तुकडा खाऊन तर बघा, त्याचे पैसे नाहीत." मी म्हटलं, "नको रे बाबा," आणि लगबगीनं निघाले. घरी आल्यावर लक्षात आलं, पाव तिथेच राहिला होता.

बहारीनचा हिवाळा ज्यांनी काढलाय त्यांनाच कळेल मी काय म्हणते ते. सात-आठ महिने भट्टीत शेकून निघाल्यावर नोव्हेंबरातल्या एका सकाळी एसी बंद करावासा वाटतो. तो बंद केला की घर इतकं शांत होतं की शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. शमाल म्हणजे उत्तरेचा वारा सुटतो. दोरीवरचे कपडे तासाभरात वाळतात, पण झटकले की वाळू पडते. खिडक्या उघड्या टाकायचे ते दिवस. मी तर दुपारी नुसती खुर्ची टाकून दारात बसायची, काही काम नसताना.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. हे मीना सलमान बंदराजवळ जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत फोरमन होते. कंपनीनं जनाबियाच्या वसाहतीत आम्हाला दोन खोल्या दिल्या होत्या, मागच्या रांगेत. पुढच्या रांगेत गोऱ्या साहेबांचे बंगले. मधे बोगनवेलीचं कुंपण आणि त्या कुंपणाला एक फट. आमची मेधा तेव्हा सात वर्षांची. रोज बसनं ईसा टाउनच्या शाळेत जायची आणि मी मराठीत विचारलेल्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. मी रागवायची, पण मनातून मला त्याचं कौतुकही होतं.

साहेबलोकांच्या जेवणाबद्दल माझी मतं तेव्हा पक्की होती, आजही आहेत, आणि कुणी विचारलं नाही तरी मी ती सांगते. कोबी हे लोक उकडत नाहीत, त्याचा जीव घेतात. पुदिन्यात साखर आणि व्हिनेगर कालवून ते मटणावर ओततात. अरे, पुदिन्यानं तुमचं काय घोडं मारलंय? काकडीचं सँडविच म्हणजे भुकेल्या माणसाची चेष्टा आहे. पिकलिली म्हणून एक पिवळंजर्द लोणचं असतं, फ्लॉवर आणि काकडीचं. तेल नाही, फोडणी नाही, मीठ असून नसल्यासारखं. लोणचं म्हणे! त्यांचा तो तपकिरी सॉस मी पहिल्यांदा चाखला आणि ओळखलाच. चिंच आणि खजूर! आपलीच भेळेची चटणी, तिच्यातलं तिखट काढून घेतलेलं आणि वर व्हिनेगर ओतलेलं. टोस्टला लावायचा एक काळा खारट लेप असतो, तो ह्यांनी एकदा साहेबाकडे खाल्ला. घरी येऊन म्हणाले, "अगदी वंगणासारखा लागतो गं." आणि वंगणातलं ह्यांना चांगलंच कळत होतं.

पण खोटं कशाला बोलू, मोहरीला मी मान दिला. पहिल्या पार्टीत ती पिवळी मस्टर्ड मी चमचाभर तोंडात टाकली, कसलंतरी गोड कस्टर्ड असेल म्हणून. नाकातून कळ थेट डोक्यात गेली, डोळ्यांतून घळाघळा पाणी. साहेबांच्या बायका घाबरल्या. मला मात्र माझ्या आईची फेसलेली मोहरी आठवली, तीही अशीच नाकात चढायची. आणि मार्मालेड. ते कडू-गोड संत्र्याचं प्रकरण सुरुवातीला मी नाकं मुरडून बाजूला सारलं होतं. नंतर सकाळी हे कामावर गेले की गरम पोळीला लावून गुपचूप खायची. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मार्मालेड यायचं मिसेस डॉसनकडून. ह्यांच्या साहेबांची बायको. उंच, हाडकुळी, उन्हानं नाकाचं साल निघालेली, पन्नाशी उलटलेली. मूलबाळ नव्हतं. कुंपणाच्या त्या फटीतून वाकून यायची, हातात बाटली किंवा भांडं. "हॅलो डिअर, मी जास्त केलं होतं," असं दर वेळी म्हणायची. आता आपल्याकडे रिकामं भांडं परत करायची रीत नाही. मार्मालेडची बाटली चिवडा घेऊन परत जायची, कस्टर्डचं भांडं शंकरपाळे घेऊन. मग चिवड्याची बाटली परत यायची ती लेमन कर्ड, म्हणजे लिंबाचा दाट गोड लेप भरून. हे म्हणायचे, "तुम्हा दोघींचा हा खेळ संपणार कधी?" बाई आमचं काहीही खायची. शंकरपाळे तिनं सूपमध्ये टाकून खाल्ले आणि "लव्हली" म्हणाली. मीही तिच्या तोंडावर "व्हेरी नाईस, मॅडम" म्हणायची आणि ती कुंपणापलीकडे गेली की ह्यांना तिच्या लोणच्याची नक्कल करून दाखवायची. तरी तिनं पाठवलेल्यातलं निदान बोटभर मी चाखलं नाही असं कधी झालं नव्हतं. एकदाच झालं.

नोव्हेंबरात एका दुपारी तिनं मेधाला बोलावून नेलं. दोन तासांनी कन्यारत्न परत आलं ते फ्रॉकला पीठ आणि मनुका चिकटवून. "आई, आय स्टर्ड इट!" नाताळचं पुडिंग म्हणे महिनाभर आधीच करून ठेवतात. घरातल्या प्रत्येकानं ते लाकडी चमच्यानं एकदा ढवळायचं, ढवळताना मनात काहीतरी मागायचं आणि कुणाला सांगायचं नाही. त्यांच्या घरात ढवळायला नवराबायकोच, म्हणून मेधाला बोलावलं. बाईनं दोन पुडिंगं केली, एक स्वतःला आणि एक आम्हाला. आमचं मेधानं ढवळलं. त्या दिवसापासून रोज शाळेतून आली की, "आई, किती दिवस राहिले?"

आणि मग एका शुक्रवारी मालतीवहिनी आल्या. वहिनींचे मिस्टर ईसा टाउनला ड्रायव्हर, आमच्याच गावाकडचे. वहिनींनी दोन वर्षं एका इंग्रज कुटुंबाकडे मुलं सांभाळायचं काम केलं होतं, त्यामुळे गोऱ्यांच्या स्वयंपाकघरातला शेवटचा शब्द त्यांचा. मेधानं त्यांनाही मोठ्या कौतुकानं पुडिंगाची गोष्ट सांगितली. वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला.

"अगं, तू खाऊबिऊ घालणार नाहीस ना पोरीला? त्यात गाईची चरबी असते."

"काहीतरीच काय वहिनी! गोड पदार्थ आहे तो."

"गोडच. पण चरबी घालतात. पांढरी, किसलेल्या खोबऱ्यासारखी. डब्यावर लिहिलेलं असतं बीफ म्हणून, मी स्वतः वाचलंय. एक घास गेला पोटात की बाटलात म्हणून समज."

आम्ही काही फार सोवळ्यातली माणसं नव्हतो. मासे, मटण, कोंबडी सगळं चालायचं. पण गाय म्हणजे गाय. कपाटाच्या वरच्या फळीवर माझे देव होते, सासूबाईंनी निघताना हातात दिलेले. मेधा मधेच म्हणाली, "नो आई, आंटीनं बटर घातलं. आय सॉ इट. यलो होतं." मी तिच्यावर खेकसले, "गप्प बस गं, तुला काय कळतंय!"

आता वाटतं, पोरीला सगळं कळत होतं. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं, वहिनींनीही पाहिलं नव्हतं, पण मोठ्या आम्ही होतो. बरं, बाईला विचारायला कितीसं लागलं असतं? कुंपणाच्या फटीतून वाकायचं आणि एक वाक्य बोलायचं. पण साहेबाच्या बायकोला असं कसं विचारायचं, असं मला वाटलं. तुमच्या घरचं खायला मला भीती वाटते, हे इंग्रजीत कसं म्हणतात तेही येत नव्हतं. हे सगळं खरं असलं तरी त्यामागचं खरं कारण मला माहीत आहे. मला वहिनींचंच ऐकायचं होतं. इतकी वर्षं साहेबलोकांच्या जेवणाला नाकं मुरडत होते, आता त्या नाकं मुरडण्याला धर्माचा आधार मिळाला होता.

नाताळच्या आदल्या दिवशी बाई आली. पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यात पुडिंग, तोंडाला फडकं, फडक्याला सुतळीची मूठ. दोन तास वाफवायचं, असं तिनं मला हातवारे करून समजावलं. मेधा टाळ्या पिटत होती. मी "थँक यू, थँक यू" करत दार लावलं. संध्याकाळी हे आले. मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "नको खाऊस. पण टाकू नकोस बाई. मी वर्कशॉपला नेतो, तिथला फर्नांडिस ख्रिस्ती आहे, खाईल आनंदानं."

"म्हणजे तो साहेबाला सांगेल की तुम्ही आणून दिलंत. मग? तुमच्या रजेचा कागद अजून साहेबाच्या टेबलावर आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मेधा झोपल्यावर मी ते पुडिंग वर्तमानपत्रात उपडं केलं. काळंभोर, चकचकीत, वासानं तोंडाला पाणी सुटेल असं. हो, सुटलं पाणी. मी पुडी बांधली आणि वसाहतीमागच्या कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत टाकून आले. भांडं तीनदा कढत पाण्यानं धुतलं, चिंच लावून घासलं आणि त्यात रव्याचे लाडू भरले. मेधा उठली तर मी सांगितलं, "ते खराब झालं होतं." तिनं भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अंगणात गेली.

सव्वीस तारखेला भांडं घेऊन मी त्या फटीतून वाकून बंगल्यावर गेले. बाईनं दार उघडलं ते हसतच. म्हणाली, "कसं होतं पुडिंग?" मी म्हटलं, "व्हेरी टेस्टी, मॅडम. ऑल फिनिश." बाईचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, बरं झालं, एका खोट्यानं कुणाला एवढा आनंद होत असेल तर बिघडलं कुठे?

मग तिनं विचारलं, "आणि नाणं कुणाला मिळालं?"

मला काही कळेना. तिनं मग सावकाश, लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. पुडिंगात एक नाणं लपवतात. ज्याच्या वाटणीत निघेल त्याचं वर्ष चांगलं जातं. हे नाणं तिच्या आईचं, सहा पेन्सांचं, जुन्या खऱ्या चांदीचं. ती लहान असल्यापासून दर नाताळला त्यांच्या पुडिंगात जायचं. ज्याला मिळेल त्यानं ते परत द्यायचं, बदल्यात दुसरं काही घ्यायचं, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा आत. पण घरात दोघंच, त्यात कसली मजा? म्हणून या वर्षी ते तिनं आमच्या पुडिंगात घातलं होतं, लेकराच्या हाती लागावं म्हणून. चावताना दात दुखेल म्हणून मला आधी सांगायला हवं होतं खरं, पण मग गंमत राहिली नसती.

माझ्या तोंडून शब्द गेला, "मेधा. मेधा गॉट."

"ओह, हाऊ लव्हली!" बाईनं माझे दोन्ही हात धरले. चार वाजता येते म्हणाली, मेधाला बक्षीस द्यायला.

मी घरी गेलेच नाही, तशीच वसाहतीमागे धावले. साडीचा पदर खोचून त्या पेटीत वाकले. आत काहीच नव्हतं, तळाला ओले कागद आणि एक मांजर. झाडू मारणारा म्हातारा बलुची माझ्याकडे बघत उभा राहिला. मी विचारलं, "गाडी आया था?" तो म्हणाला, "खलास, अम्मा. सुबह ले गया सब." काय हरवलं म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, "कुछ नहीं."

घरी येऊन मेधाला समोर बसवलं. आंटीनं विचारलं तर म्हणायचं, हो, मला मिळालं, जपून ठेवलंय. पोरगी म्हणाली, "बट दॅट्स अ लाय, आई." मी म्हटलं, "एवढं एकदा. बाबांच्या नोकरीसाठी." बाबांच्या नोकरीला काहीएक धोका नव्हता. साहेब भला माणूस होता, पुडिंगावरून कुणाची रजा अडवणारा नव्हता. मी आपली अब्रू वाचवायला सात वर्षांच्या पोरीच्या मनात बापाच्या नोकरीची भीती घातली. पुडिंग टाकल्याचं मला जेवढं लागतं त्याहून हे जास्त लागतं.

चार वाजता बाई आली. ठेवणीतला निळा झगा, हातात रंगीत कागदात गुंडाळलेलं पुस्तक. मी चहा केला. निम्मी साखर ओट्यावर सांडली. बाईनं मेधाला जवळ घेतलं आणि विचारलं, "मग, माझं नाणं तुला सापडलं तर?"

मेधानं माझ्याकडे पाहिलं. "येस, आंटी."

"शाबास! आणि ढवळताना काय मागितलं होतंस? नाणं मिळालंय, आता सांगितलं तरी चालतं."

हे मी शिकवलेलं नव्हतं. मेधा अगदी हळू, अगदी खरं बोलली. "आय विश्ड की आई मला थोडं तरी खाऊ देईल."

बाहेर शमाल दोरीवरचे कपडे फडफडवत होता. बाईचा हात मेधाच्या केसांवर तसाच राहिला. पोरीच्या तोंडात घासही गेला नाही, हे तिनं ओळखलं. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पुस्तक मेधाच्या मांडीवर ठेवलं, तिच्या डोक्याचा मुका घेतला, "पुढच्या वर्षी हं," म्हणाली आणि उठली. चहा तसाच राहिला. मेधा रडायला लागली, "माझं काय चुकलं आई?" मी तिला पोटाशी धरलं, पण काही चुकलं नाही असं सांगायलाही माझी जीभ वळेना.

आज मेधाला विचारलं तर म्हणते, "आई, मला काही आठवत नाही गं." खोटं बोलायला तिला मीच शिकवलंय, तेव्हा तिच्या या बोलण्यावर माझा विश्वास नाही. तिच्या घरी नाताळात केक येतो, मी गेले की ती माझ्यासमोर तो ठेवत नाही. माझी बाकीची मतं मात्र शाबूत आहेत. पुदिन्याचं ते पाणी आजही मला कुणी दिलं तर मी बेसिनमध्ये ओतेन. पण इंग्रजी गोडाचा विषय निघाला की मी गप्प बसते. न चाखता कशाला वाईट म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही.

बाई चहा न घेता गेली त्या रात्री मी ह्यांना सारं सांगितलं, तेव्हा ह्यांनी मला ओरडावं अशी माझी इच्छा होती. हे ओरडले नाहीत. म्हणाले, "सकाळी जा. खरं काय ते सांग आणि माफी माग. बाई समजून घेईल." मग दोघांनी बसून इंग्रजी वाक्यं जुळवली. आय डिड नॉट ईट. आय थ्रू इट. कॉइन इज लॉस्ट. आय ॲम व्हेरी सॉरी. झोपेपर्यंत मी ती घोकत होते, मुलं पाढे घोकतात तशी.

सकाळी गेले. बाईनं दार उघडलं. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नाहीत. मी तोंड उघडलं तोच ती बोलायला लागली. म्हणाली, चूक माझीच आहे. तुम्ही बीफ खात नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून तुमच्या पुडिंगात चरबी घातलीच नव्हती, नुसतं लोणी घातलं. ब्रँडीच्या जागी संत्र्याचा रस घातला. आणि हे सगळं करून तुला सांगायचंच राहिलं! तुला किती भीती वाटली असेल, बिचारी. मूर्ख म्हातारी आहे मी. मला माफ कर, डिअर.

तिच्या आईच्या नाण्याबद्दल एक शब्द नाही.

माझी चार वाक्यं माझ्या तोंडात तयार होती. पहिला शब्द तर जिभेवर आला होता. पण मला इतकं हायसं वाटलं, देवा, इतकं हलकं वाटलं, की मी तिच्या दंडावर थोपटलं आणि म्हणाले, "इट्स ऑल राईट, मॅडम. नो प्रॉब्लेम."

घरी आले. हे बूट घालत होते. म्हणाले, "मागितलीस माफी?"

मी म्हटलं, "मिटलं सगळं."

काय मिटलं होतं? त्या बाईनं माझी माफी मागितली होती, आणि मी तिला मोठ्या मनानं माफ करून आले होते.